आईच्या गुडघ्याचा फॉर्म नक्की कोणासाठी?

प्रश्न: मार्च 2025 मध्ये आईचा उजवा गुडघा बदलला, इथेच न्यू जर्सीत, मेडिकेअरवर (इथला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी आरोग्य विमा). ऑपरेशनच्या आधी गुडघा किती दुखतो, किती त्रास होतो असे प्रश्न असलेला एक फॉर्म हॉस्पिटलने भरून घेतला होता आणि आता वर्ष होत आलं तर पुन्हा तोच फॉर्म, ईमेल झाला, टेक्स्ट झाले, काल तर फोनच आला. मावशीचा गुडघा पुण्यात झाला, तिच्या मागे असं कोणी लागलं नाही. नवरा म्हणतो ह्यात हॉस्पिटलला पैसे मिळत असणार, आपण कशाला फुकट राबायचं. आईला विचारलं तर सगळ्यावर एकच उत्तर, "बरंय गं". भरू का सोडून देऊ?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: तुमच्या यजमानांचा अंदाज निम्मा बरोबर आहे. बक्षीस वगैरे मिळत नाही, पण फॉर्म गोळा झाले नाहीत तर हॉस्पिटलच्या पैशाला कात्री लागते. 1 जुलै 2024 पासून नियम असा आहे की ओरिजिनल मेडिकेअरवरच्या (म्हणजे खाजगी कंपनीच्या प्लॅनवर नसलेल्या), 65 आणि त्यापुढच्या पेशंटचा गुडघा किंवा खुबा हॉस्पिटलात दाखल करून, ठरवून बदलला तर ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फॉर्म निदान निम्म्या पेशंटचे तरी हॉस्पिटलने मेडिकेअरला पाठवायचे, नाहीतर मेडिकेअरकडून हॉस्पिटलला वर्षाला जी दरवाढ मिळते तिचा पाव हिस्सा गेला. आणि नंतरचा फॉर्म ऑपरेशनपासून 300 ते 425 दिवसांतलाच धरतात, म्हणून हा तगादा आत्ता चाललाय.

ह्या नियमात पेशंटच्या उत्तरांना किती मार्क पडले ह्याला पैसे जोडलेले नाहीत, फॉर्म पोचला की झालं. ह्याआधी 2016 ते 2024 मेडिकेअरची गुडघा-खुब्याची एक स्कीम होती, त्यात ऑपरेशनपासून डिस्चार्जनंतरच्या 90 दिवसांपर्यंतच्या सगळ्या खर्चाला हॉस्पिटलच जबाबदार, आणि हॉस्पिटलला क्वालिटीचे 20 मार्क. त्यातले 10 कॉम्प्लिकेशनला, 8 पेशंटच्या अनुभवाच्या सर्व्हेला, आणि ह्या फॉर्मला फक्त 2, तेही नुसता पाठवल्याबद्दल! खर्च थोडा कमी झाला, मुख्यतः पेशंटला रिहॅब सेंटरला न पाठवता घरी पाठवल्यामुळे, आणि कॉम्प्लिकेशन काही वाढले नाहीत, म्हणजे स्कीम वाईट नव्हती. पण कॉम्प्लिकेशन म्हणजे इन्फेक्शन, रक्तस्राव, फुप्फुसात गुठळी असलं काही. हे काहीच झालं नाही तरी बाई वर्षभराने जिना उतरताना रडकुंडीला येत असेल तर ते ह्या हिशोबात कुठेच दिसत नाही, ते फक्त ह्या फॉर्मात दिसतं. म्हणून माझ्या मते भराच.

आता "बरंय गं"चं काय करायचं. गुडघ्याचे प्रश्न सातच आहेत आणि गेल्या आठवड्याबद्दलचेच आहेत: सकाळी उठल्यावर आखडतो का, वळताना, पाय पूर्ण सरळ करताना, जिना चढता-उतरताना, उभं राहिल्यावर दुखतो का, बसल्यावरून उठायला आणि वाकून खालची वस्तू उचलायला किती त्रास होतो. सोफ्यावर बसवून विचारू नका, आपल्या आया मुलीला त्रास नको म्हणून आणि डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून गोडच बोलतात (माझ्या सासूबाई तर फिजिओथेरपिस्टला दुखतंय हे सांगायच्या ऐवजी चहा विचारायच्या). बेसमेंटमध्ये कपडे धुवायला जाताना बरोबर जा, कठडा दोन्ही हातांनी धरते का, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते का ते बघा आणि मग "मध्यम" का "जास्त" ते तिलाच ठरवू दे. शून्य ते शंभरच्या ह्या मापात आधीपेक्षा निदान 20 वाढले तरच गुडघ्याचा खरा फायदा झाला असं धरतात, तेव्हा आधीचा फॉर्मही तिने "बरंय" म्हणूनच भरला असेल तर ऑपरेशनने काही फरकच पडला नाही असं कागदावर दिसेल, पण त्याला आता इलाज नाही.

आणि सूज, लाली, ताप असलं काही असेल तर फॉर्मात लिहून वाट बघत बसू नका, सर्जनला सरळ फोन करा. डावा गुडघा दुखत असेल तर तो ह्यात मिसळू नका, प्रश्न उजव्याचेच आहेत.