केन्यीच्या माद्यांतलं जास्तीचं गुणसूत्र टिकतं कसं?

कराडच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या टाकीत मलावी तळ्याचे केन्यी मासे आहेत, पिल्लं झाली ती सगळी निळी, म्हणजे माद्याच. या जातीत फक्त माद्यांमध्ये एक जास्तीचं गुणसूत्र असतं असं वाचलं. हे डाउन सिंड्रोमसारखं काही आहे का? त्याला जोडीदार नाही, म्हणजे निम्म्याच पिल्लांत जाणार; मग ते संपत कसं नाही? आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाची १०० गुणसूत्रं म्हणजे तीही जास्तीचीच का?

आधी पिल्लांचं. केन्यीची सगळीच पिल्लं निळी असतात. नर वयात येताना पिवळे पडतात, आणि टाकीत एखादा दांडगा नर असला की दबलेले नर बराच काळ निळसरच राहतात. तेव्हा घाई करू नका.

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची अख्खी प्रत जादा येते. चालू जनुकांचा डोस दोनाचा तीन होतो आणि तोल बिघडतो. माशांतलं हे जास्तीचं, ज्याला बी गुणसूत्र म्हणतात, ते कुणाचीच सरळ प्रत नसतं. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी तसं ते जमलेलं असतं. व्हिक्टोरिया तळ्याच्या भागातल्या अॅस्टॅटोटिलापिया लॅटिफॅसियाटा या माशाचं बी गुणसूत्र तपासलं (निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले), तर त्यात नेहमीच्या जवळपास प्रत्येक गुणसूत्राचे मिळून हजारो तुकडे निघाले. बहुतेक अर्धवट, तेच तेच पुन्हा आलेले. म्हणून एखाद-दुसरं बी असूनही मासा धडधाकट असतो. पण वाकळीत एखादं धड कापडही निघतं, त्यावर पुढे येतो.

सायप्रिनसची गोष्ट निराळी. रोहू, कटला, मृगळ यांची ५० गुणसूत्रं, सायप्रिनसची १००, आपल्या महाशीरचीही १००. सायप्रिनसच्या पूर्वजात दोन वेगळ्या जातींचे पूर्ण संच एकत्र आले. तिथे प्रत्येकाला जोडीदार आहे, वाटणी सरळ होते. एकालाही उपरं म्हणता येत नाही.

आता मूळ प्रश्न. निम्म्यात गेलं म्हणजे संपलं, हा हिशेब तेवढा बरोबर नाही. माशांची संख्या स्थिर असेल तर एक मादी सरासरी दोन वारस मागे ठेवते. त्यातल्या एकात बी गेलं तर आकडा होता तिथंच राहिला. अडचण दुसरी आहे. एकटं गुणसूत्र पेशी फुटताना कधी मागे रेंगाळतं, हरवतं, शिवाय ते बाळगायचा थोडा भार माशावर पडतो. त्यामुळे काहीच केलं नाही तर ते हळूहळू गळून जाणार. टिकायचं तर निम्म्यापेक्षा जास्त मिळवायला हवं.

ती संधी माद्यांत आहे. नरात एका पेशीपासून चार शुक्रपेशी होतात, चारही कामाच्या. मादीत वाटणी कमालीची पक्षपाती: सगळं पिवळं बलक एका अंड्याकडे, आणि बाकीच्या बारक्या पेशी कणसातल्या पोचट दाण्यांसारख्या वाया. वाटणीच्या वेळी जे गुणसूत्र अंड्याच्या बाजूला सरकायची युक्ती साधेल, ते निम्म्याहून जास्त पिल्लांत जाईल. मात्र ही युक्ती मादीतच चालते. बी मुलग्यात गेलं की डाव फसला.

केन्यीच्या, म्हणजे मेट्रियाक्लिमा लोम्बार्डोईच्या बीनं यावर जे केलंय ते मला चक्क बेरकी वाटतं. त्यावर मादी घडवणारा घटक आहे आणि तो नेहमीच्या लिंगनिश्चितीवर मात करतो. बी ज्या पिल्लात गेलं ते पिल्लू मादी होतं. म्हणजे ते जिथं जाईल तिथं पुढची पक्षपाती वाटणी तयारच. मेरीलँड विद्यापीठातल्या क्लार्क आणि कोचर यांनी हे २०१९ मध्ये मांडलं.

पिल्लाचं लिंग ठरवायचं हेच काम उलट्या बाजूनंही होतं. मेक्सिकोच्या पाचोन गुहेतल्या आंधळ्या माशांत बी नर घडवतं. त्यावर जीडीएफ६बी या जनुकाच्या प्रती आहेत, आणि ते जनुक निकामी केल्यावर नर व्हायचे ते मासे माद्या झाले (हा शोध २०२१चा). वाकळीतलं धड कापड म्हटलं ते हे.

दर वेळी बी जिंकतंच असं नाही. ब्राझीलच्या मोजी-ग्वासू नदीतल्या प्रोकिलोडस लिनिएटस माशात नेहमीची ५४ गुणसूत्रं आणि वर ० ते ९ बारकी बी. १९८०च्या दशकात त्यांची सरासरी चढत गेली आणि मग थांबली. आता ती साध्या हिशेबानंच पुढे जातात, जास्त वाटा त्यांना मिळत नाही. बाकीच्या गुणसूत्रांनी ती चाल मोडून काढली असं मी समजतो.

एक सावधगिरी, स्वतःच्या फजितीतून. सांगलीत शिकवत असताना पोरांबरोबर रोहूच्या स्लाइड करायचो. पेशींची विभागणी मध्येच थांबवणाऱ्या कोल्चिसिनचं इंजेक्शन द्यायचं, थोड्या वेळानं कण्याला चिकटलेल्या गडद लाल मूत्रपिंडाचा तुकडा काढायचा, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मग मिथेनॉल आणि अॅसेटिक आम्लात पक्क्या करून काचेवर वरून थेंब टाकायचा. एकदा एका पेशीत ५१ भरली. दोनदा मोजली, ५१च. मी वर्गात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग एका विद्यार्थिनीनं काच जराशी सरकवली: शेजारच्या फुटलेल्या पेशीत ४९ होती. थेंब फार उंचावरून पडला होता, एक गुणसूत्र उडून इकडे आलं होतं. त्यामुळे एका पेशीवर विश्वास ठेवू नये, एकाच माशाच्या वीस-पंचवीस तरी मोजाव्यात. त्यातही पाचोनसारख्या माशात बीची संख्या पेशीगणिक बदलते, तेव्हा तिथं गडबड काचेची की माशाची हे ठरवायला आणखी मोजावं लागतं.

तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक नसला तरी एक काम करता येईल. केन्यीची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे कुठली पिल्लं कुणाची हे कळतं. प्रत्येक मादीची पिल्लं वेगळ्या टाकीत वाढवा, मोठी झाल्यावर दबलेले निळे नर निसटू नयेत म्हणून शेपटीजवळची छिद्रं बघून नर-माद्या मोजा, आणि आकडे मादीवार इथं टाका. एखादीची जवळपास सगळीच पोरं माद्या निघाली, तर त्या मादीबद्दल मला आणखी विचारायचं आहे.