साखर थोडीच जास्त आहे, मग तपासण्या कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 36. शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर बसते, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. उंची पाच फूट एक इंच, वजन 58 किलो. जाड नाही, पण पोट सुटलंय. गल्लीतल्या शिबिरात बोटाला टोचून उपाशीपोटी साखर तपासली, ती 104 निघाली. बीपी 132/86. ‘थोडं जास्त आहे, गोड कमी करा,’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती, मग नॉर्मल झाली म्हणून परत बघितली नाही. आईला शुगर आहे. मानेमागं काळं पडलंय, बेसन-लिंबू लावून घासते तरी जात नाही. बाकी त्रास काही नाही. मला मधुमेह झालाय का? नसेल तर तपासण्यांवर पैसे कशाला घालवायचे, असं घरचे म्हणतात.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मान घासणं बंद करा. तो मळ नाही. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिननं मानेच्या, काखेच्या घडीतली कातडी जाड, काळपट होते. घासून ती फक्त सोलवटेल. माझ्याकडं मुली हा डाग घेऊन क्रीम मागायला येतात, तेव्हा मी आधी साखर बघायला सांगते.

104 म्हणजे मधुमेह नाही. उपाशीपोटी 126 किंवा त्यावर गेली आणि फेरतपासणीतही तशीच आली, तर मधुमेह. 100 ते 125 ही त्याआधीची पायरी. पण तुमच्या चिठ्ठीतला एकच आकडा उचलून बघायला मी तयार नाही. पाच गोष्टी एकत्र बघाव्या लागतात : कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. यातल्या तीन जरी बिघडलेल्या असल्या तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. साखरेची हद्द 100, रक्तदाबाची 130/85. शिबिरातले आकडे खरे धरले तर तुमच्या दोन झाल्याच.

तिसरी तुम्ही आजच बघू शकता, टेप तुमच्या हाताशीच असते. मात्र परकराची नाडी बांधता तिथं मोजू नका. सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा. पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडायचा आणि आकडा वाचायचा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही हद्द आहे. पुरुषांसाठी 90, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. तुमच्या मिस्टरांचीही मोजा.

‘जाड नाही’ यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के! आपल्या लोकांचे हातपाय बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठते. ती यकृतात उतरते, तिथून ट्रायग्लिसराइड वाढतं, साखर चढते. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं कळत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या बाळंतपणाची वाटते. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढं मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पट असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोजची चाचणी व्हायलाच हवी होती, आणि मग दर एक ते तीन वर्षांनी, जन्मभर. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ती आता करून घ्या : उपाशीपोटी रक्त द्यायचं, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी परत रक्त. दुसरा आकडा 140 च्या खाली हवा. 200 किंवा वर गेला तर मधुमेह. बरोबर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सांगा. त्यात ट्रायग्लिसराइड 150 च्या खाली आणि बायकांचं एचडीएल 50 च्या वर हवं. शिबिरात रांगेत उभं राहून लगेच घेतलेलं बीपी मी पक्कं मानत नाही. पाच मिनिटं शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी दोनदा मोजा. पैशांचा प्रश्न असेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला आधी चौकशी करा.

आता जेवण. कडक भाकरी सोडू नका, ज्वारी चांगलीच. शेंगाचटणी चमचाभर ठेवा, वर आणखी तेल नको. तिच्यातलं आणि लोणच्या-पापडातलं मीठ बीपीला नडतं. मशीनवर चहा येत राहतो, बरोबर खारी किंवा टोस्ट, तिथं आधी हात आखडा. ताटात उसळ, डाळ वाढवा. तासाभरानं उठून दोन मिनिटं चाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसा चालणं होत नाही, तेव्हा उजाडायच्या आत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वजन चार किलो उतरलं तरी पुष्कळ. अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढं सात टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट होतं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तुमच्या 58 किलोंचे सात टक्के म्हणजे तेच चार किलो.

गोळी लागेल का, हे रिपोर्ट आल्यावर डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला कधी कधी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी लवकर सुरू करतात, म्हणून जाताना बाळंतपणाची जुनी फाईल बरोबर न्या.