ब्रीडरकडून घेतलेलं पिल्लू चार दिवसांत आजारी पडलं, ब्रीडर हात वर करतोय. गोव्यात राहून काही करता येतं का?

"माझ्याकडे ठणठणीत होतं, तुमच्याकडे येऊन आजारी पडलं." तुमच्या ब्रीडरचं हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. हे मला पाठ आहे.

आधी तुमचं पिल्लू. उलट्या आणि रक्ताचे जुलाब म्हटल्यावर पहिला संशय पार्व्होचाच, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराचा. पैशांचं नंतर बघा, आत्ता डॉक्टरकडे न्या. शीची टेस्ट तिथल्या तिथे पंधरा मिनिटांत होते. अंगातलं पाणी भराभर जातं, म्हणून सलाईन उद्यावर ढकलू नका. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात. तुमच्याकडे येऊन चार दिवस झालेत, म्हणजे बहुधा येतानाच ते घेऊन आलंय. डॉक्टरांच्या कागदावर तारीख आणि निदान लिहून घ्याच.

आता माझं. डिसेंबर 2021 मध्ये बेळगावकडच्या एका ब्रीडरकडून लॅब्राडॉर आणला. जागा शोधून दिली आमच्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी. "चॅम्पियन लाइन आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत, डोळे मिटून घे." मी खरोखरच डोळे मिटून घेतला. बावीस हजार, अर्धे जीपे, अर्धे रोख. बिल नाही. माझं डिचोलीला हार्डवेअरचं दुकान आहे, नळाच्या तोटीचंसुद्धा बिल नेल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला सोडत नाही. तरीही. पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं होतं. 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही, हे मला नंतर कळलं. चोर्ला घाटात ते माझ्या मांडीवर दोनदा ओकलं, आणि तिथेच बायकोने त्याचं नाव बंड्या ठेवलं.

ब्रीडरने सांगितलं होतं, कॅल्शियमचं सिरप चालू ठेवा, हाडं मजबूत होतात. आईने ते इमानेइतबारे पाजलं. वर भात, बांगडा, उरलेली कढी. बंड्या सहा महिन्यांत असा फुगला की बघणारे म्हणायचे, वा, काय तब्येत!

सातव्या-आठव्या महिन्यात तो मागचे दोन्ही पाय एकदम टाकून सशासारखा पळायला लागला. आम्ही हसायचो, व्हिडिओसुद्धा काढलेत. ते आता बघवत नाहीत. चवथीला घर माणसांनी भरलेलं, हा अंगणात बसलेला. भाच्याने मोदक दाखवला तर उठायला गेला आणि मागचा भाग वर आलाच नाही. पुढच्या पायांनी ओढत दोन हात पुढे आला आणि तिथेच बसला. शेपटी मात्र हालत होती.

डॉक्टरांनी भूल देऊन एक्स-रे काढला. हिप डिस्प्लेजिया, दोन्हीकडे. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसायला हवा. याची वाटी बशीसारखी उथळ, आणि गोळा तिच्या काठावर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे पाहिले होते का?" मी केसीआयचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. त्या कागदावर कोण कोणाचं पोर एवढंच असतं, कुणाचे खुबे कसे होते ते नसतं.

ब्रीडरला फोन केला. आधी तेच वाक्य. मग म्हणाला, तुमच्या गुळगुळीत टाइल्समुळे झालं असेल. शेवटी म्हणाला, "एवढं वाटतं तर हा परत आणा, दुसरं पिल्लू देतो." दहा महिन्यांचा कुत्रा! तोटी बदलून द्यावी तसा. मी फोन ठेवला आणि नंतर काहीच केलं नाही. चूक तिथे झाली.

तुम्ही ती करू नका. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. 2019 च्या कायद्यानंतर आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ब्रीडर कर्नाटकात असो की महाराष्ट्रात. रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. बिल नसेल तर जीपेची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पिल्लाचे फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळं जपून ठेवा. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का तेही लेखी विचारा. नसेल तर तो तुमच्याशी एकदम गोड बोलायला लागेल. पैसे मिळतील का? पूर्ण मिळतील असं मी म्हणणार नाही.

खाली लोक लिहितीलच, विकत कशाला घेतलंत, गावठी पाळायचं. म्हणणं चूक नाही. पण पिल्लू मांडीवर तडफडत असताना कुणाला हे ऐकवायचं नसतं.

भावोजींचं पालुपद आजही तेच, "टाइल्स रे तुझ्या." म्हणून इथे एकदाचं लिहून टाकतो. डिस्प्लेजिया मुळात आनुवंशिक. टाइल्सवर घसरून तो वाढतो, पण नुसत्या टाइल्सने होत नाही. आई-बापाचे एक्स-रे न विचारता "डोळे मिटून घे" म्हणणं हा सल्ला नव्हे, भावोजी.

आता खरं ते सांगतो. वजन आम्हीच वाढवलं. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं उलट हाडांना वाईट, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. आईला मी ते अजून सांगितलेलं नाही. आणि सगळे ब्रीडर असे नसतात, एक्स-रे दाखवणारेही आहेत. ते बावीस हजारांत देत नाहीत इतकंच.

बंड्याचं ऑपरेशन केलं नाही. वजन सात किलो उतरवलं, टाइल्सवर काथ्याच्या चटया टाकल्या, आणि पावसाळा सोडून रविवारी मांद्र्याला पोहायला नेतो. पाण्यात चारही पाय सारखे चालतात.

तुमच्या घरात दुसरा कुत्रा असेल तर आजच वेगळा करा. फरशी फिनेलने पुसून उपयोग नाही, पार्व्होला ब्लीच लागतं. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो. टेस्टचं काय आलं ते इथेच कळवा.