खोडरबर दप्तराबाहेर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ते ७ वेळा उतरवून काढलंस आणि तरीही पाठवताना हात अडखळला, हे तू मोकळेपणानं लिहिलंस ते बरं केलंस. शिरोरेषा जराशी वाकडी झाली की शब्द खोडायचा, खोडून कागद विरला की पान फाडायचं, पिनांच्या वहीचं एक पान फाडलं की पलीकडचं जोडपान सुटतं म्हणून अख्खी वही बाद करायची. घरचे याला खोड म्हणतात, शाळेत टापटीप म्हणून कौतुकही होतं. आपल्याकडे यासाठी जुना, नेमका शब्द आहे: मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतील, म्हणजे नको असताना तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनाचा आजार.

आधी एक गोष्ट पक्की कर. आपल्याला तुझं अक्षर सुधारायचं नाही. सुंदर हस्ताक्षराचा वर्ग सध्या अजिबात लावू नकोस. अक्षर चांगलं झालं की खोडणं आपोआप थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. जितकं अक्षर सुधारतं तितकी मनाची मागणी वाढते. शब्द लिहिलास, काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, खोडून पुन्हा लिहिलास, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ती क्षणभराची सुटका हीच या दुखण्याची खुराक. ‘खोडलं म्हणूनच निभावलं’ असं मेंदू शिकतो आणि पुढच्या शब्दाला तीच मागणी आणखी जोरात करतो. म्हणून बदलायचं आहे ते खोडणं, गिरवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं.

तुझ्या बाबतीत मुळाशी काय आहे, तेही नीट बघ. काहींना कसलीच भीती नसते, फक्त शब्द ‘बसला नाही’ असं वाटत राहतं. काहींना वाटतं की अनुस्वार सुटला, कोणी भलताच अर्थ लावला आणि त्यातून काही वाईट झालं तर? काहींना लिहिलेलं दिसत असूनही खरंच लिहिलं का, याची खात्री पटत नाही. तुझ्या पत्रावरून पहिला प्रकार जास्त वाटतो. तो असेल तर ‘काय वाईट होणार आहे?’ असं स्वतःला समजावून फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे वादाला मुद्दाच नसतो. ती अपुरेपणाची कळ अंगावर घेऊन पुढचा शब्द लिहिणं, एवढंच काम उरतं. आणि लिहिताना बोटं आपोआप आखडत असतील, मनगट वळत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखव.

या उपचाराला ईआरपी म्हणतात: त्रास देणाऱ्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराबद्दल लिहिलं, आणि आज मंत्रचळासाठी बोलून करायच्या उपचारांत हाच पहिला मानला जातो.

पहिला आठवडा फक्त मोज. रोज एक पान लिही, फोनवर वेळ लाव, आणि प्रत्येक खोडण्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर एक उभी रेघ ओढ. या आठवड्यात काही बदलायला जाऊ नकोस. रेघा मोजण्याचाच चळ लागला, तर ‘दहाएक’, ‘वीसेक’ असा अंदाज लिहून सोडून दे.

मग शिडी कर. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये त्रासाचा आकडा दे. तुझी शिडी साधारण अशी होईल: वाणसामानाची यादी पेनानं, एकही शब्द न खोडता, २०. अर्धं पान शिरोरेषेशिवाय, ३५. कच्च्या वहीत प्रत्येक ओळीत एक अक्षर मुद्दाम वाकडं, ४५. पक्क्या वहीत रफार मुद्दाम चुकवायचा, शब्दावर एकच आडवी रेघ मारून पुढे जायचं, ६०. पान लिहून न वाचता वही मिटायची, ७०. शाईचा डाग पडलेलं पान बाईंना तपासायला द्यायचं, ८०. नव्या वहीचं पहिलं पान, ९५. हे पहिलं पान जवळजवळ सगळ्यांच्याच शिडीवर अगदी वर असतं, म्हणून त्याची लाज वाटू देऊ नकोस.

सुरुवात ३५ च्या आसपास कर. आठवड्यातून किमान ५ दिवस, दिवसाला ३० ते ४५ मिनिटं. त्रास उतरला तर उत्तम, पण तो उतरेपर्यंत घड्याळ बघत बसायचं नाही. कळ असतानाही लिहिता येतं, एवढं हाताला आणि डोक्याला कळलं पाहिजे. तीच पायरी कंटाळवाणी वाटू लागली की वर चढ.

शिरोरेषेच्या पायरीला बहुतेक जण बिचकतात. गुजराती लिपी देवनागरीच्या घरातलीच, पण तिनं शिरोरेषा सोडून दिली आणि तिचं काही अडलं नाही. मोडी लिहिणारे तर ओळभर शिरोरेषा आधीच ओढून ठेवत आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं खाली लिहीत जात, कारण कामकाज भराभर उरकायचं होतं. लिहिलेलं पुढच्याला वाचता आलं की लिपीचं काम झालं.

सराव चालू असताना पेन्सिल, खोडरबर आणि व्हाइटनर दप्तराबाहेर. एकाच प्रकारची २ साधी बॉलपेनं ठेव. ‘बरोबर’ पेनाचा शोध हाही त्याच चळाचा भाग आहे. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, गिचमिड काट नको. लिहिलेल्या अक्षरावरून पुन्हा पेन फिरवायचं नाही. वाचायचं ते एकदाच, उत्तर पूर्ण झाल्यावर.

आता चुका कुठे होतात ते सांगतो. इथे बरीच मुलं महिनोन्‌महिने अडकतात.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे वाकडं अक्षरसुद्धा ‘नीट वाकडं’ काढणं. ‘हे पुरेसं वाकडं झालं नाही’ म्हणून ते पुन्हा काढलंस, तर चळानं सरावच गिळला. त्यावर उपाय असा की निवड तुझ्या हातात ठेवायची नाही. फासा टाक, ४ पडले तर ओळीतला चौथा शब्द डाव्या हातानं लिही आणि पुढे जा. दुसरी चूक छुपी असते: हात थांबला, पण मनातल्या मनात शब्द पुन्हा लिहिला, किंवा मांडीवर बोटानं गिरवला. तेही खोडणंच. तसं झालं असं लक्षात आलं, तर पानावर तो शब्द मुद्दाम एकदा बिघडव आणि पुढे चल. तिसरी चूक इतक्या वेगानं लिहिण्याची, की काही जाणवूच नये. तीही पळवाट. सगळं टंकलेखनावर नेणं हीसुद्धा. एखादा प्रकल्प वेळेत द्यायला ते ठीक, पण रोजचं लिहिणं हातानंच ठेव.

आणि आई. ‘वाचता येतंय ना?’ असं तू रात्री विचारतेस आणि ती प्रेमानं ‘हो गं’ म्हणते. तो ‘हो’ खोडरबरासारखाच काम करतो. तिला हे पत्र दाखव. तिनं एवढंच म्हणावं: “हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.” नव्या वह्या आणून देणं एकदम बंद करू नये, तुमचं ठरवून आधी आठवड्याला एक, मग महिन्याला एक असं कमी करावं. रागावून किंवा वही हिसकावून हे सुटत नाही.

यात दिवसाला तासाभराहून जास्त जात असेल किंवा पेपर अर्धवट राहत असतील, तर एकटीनं झुंजू नकोस. तुझ्या पत्रावरून दोन्ही दिसतंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी कर. समुपदेशकाला पहिलाच प्रश्न विचार: “तुम्ही ईआरपी करून घेता का?” मनगटावर रबरबँड ओढून सोडायला किंवा विचार ‘थांबव’ असं ओरडायला सांगितलं, तर दुसरीकडे जा. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटीन किंवा सर्ट्रालीनसारखं औषध दिलं तर घाबरू नकोस. मंत्रचळात त्याचा पुरता गुण कळायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, मात्रा कधी कधी नैराश्यापेक्षा जास्त लागते, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं ते बंद करायचं नसतं. जीव नकोसा झाल्याचा विचार आला, तर त्याच क्षणी घरी सांग आणि १४४१६ वर फोन लाव. ही टेली-मानस सेवा चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

परीक्षेबद्दल तू विचारलंस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर लेखनिक किंवा जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. डॉक्टरांशी लवकर बोल, कागदपत्रांना वेळ लागतो. पण माझं मत स्पष्ट सांगतो: नुसता जादा वेळ तुझ्यासाठी दुधारी आहे, कारण मिळालेली मिनिटं खोडण्यातच जाऊ शकतात. घेतलास तर सराव सोडू नकोस. परीक्षेआधीचे ६ आठवडे, आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण ३ तासांचा पेपर लिही. प्रश्नाची वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न. परीक्षा जवळ आली की चळ उसळी मारतो, हे आधीच धरून चाल. त्या आठवड्यात शिडीच्या दोन पायऱ्या खाली उतरून सराव चालू ठेवलास तरी चालेल.

उत्तर पाठवशील ते एकटाकी लिही. पेनानं, मोज आठवड्याचे आकडे घालून. जे खोडलं जाईल ते तसंच राहू दे, आणि लिफाफा बंद करण्याआधी वाचू नकोस.

तुझा शुभचिंतक