घर बदलताना वाइन ट्रकात चढवू नका

मार्च उजाडला की पत्रं सुरू होतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की इंदूरहून हलायचं आहे, जमवलेल्या वाइनचं काय करू? सल्ला मागायचा तर दिवाळीनंतर मागावा, पण प्रश्न येतो ट्रक ठरवून झाल्यावर. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

बाटल्या उभ्या न्यायच्या की आडव्या? (सुदामा नगर)

एक-दोन दिवसांचा प्रवास असेल तर कशाही न्या. फक्त खोक्यात हलता कामा नयेत.

पॅकर्सवाले ‘वाइन स्पेशल’ पॅकिंगचे बाटलीमागे वेगळे पैसे मागतात. द्यावेत का? (लोकमान्य नगर)

देऊ नका. बबल रॅपचे दोन वेढे आणि ‘नाजूक’ लिहिलेला स्टिकर, बहुतेक वेळा एवढंच त्यात असतं. दुकानातून आतल्या पुठ्ठ्याच्या खणांसकट 12 बाटल्यांचा खोका मागून आणा. तळाची फट चिकटपट्टीने दोनदा बंद करा, मग एक पट्टी आडवी मारा, कारण खोका तळातूनच फाटतो. आत चुरगळलेल्या कागदाचा दोन बोटं जाड थर द्या. लेबलाला आधी क्लिंग फिल्म आणि त्यावर कोरा कागद. वर्तमानपत्राची शाई लेबलावर उतरते. भरलेली बाटली साधारण 1.3 किलोची, म्हणजे पेटी 16 किलोच्या आसपास जाते. फसफसणाऱ्या वाइनची काच जाड आणि जड असते, त्या एका खोक्यात सहाच ठेवा. झाकण लावण्याआधी खोका हलवून बघा. काच वाजली तर कागद कमी पडला आहे.

मे महिन्यात रामबागेतून पुण्याला जातोय. 40 बाटल्या आहेत. आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवल्या की वाटेत गार राहतात, असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. (रामबाग)

तो मेसेज आधी पुसून टाका. 12 टक्के अल्कोहोलची वाइन उणे 5-6 अंशांना गोठायला लागते, गोठताना फुगते, आणि मग बूच तरी वर येतं नाहीतर काच तरी तडकते.

लोक फुटण्याला घाबरतात. फुटलेली बाटली निदान दिसते. उकडलेली दिसत नाही, ती दोन वर्षांनी पाहुण्यांसमोर कळते. वाइन 20 वरून 40 अंशांवर गेली की 750 मिलीमागे 5 मिलीच्या आसपास फुगते. बुचाखाली मोकळी जागा साधारण तेवढीच असते. ती भरली की दाब बुचावर येतो, बूच केसभर वर सरकतं आणि कडेने वाइन झिरपते. रात्री गार झाल्यावर आत हवा ओढली जाते. असं तीन दिवस चाललं की आतल्या वाइनला शिजवलेल्या फळासारखा वास येतो, आणि त्यावर इलाज नाही. बंद पत्र्याचा ट्रक सेंधव्याच्या घाटाआधी दुपारभर उन्हात उभा राहिला, तर आत बाहेरच्या 42 अंशांहून कितीतरी जास्त तापतं. पार्ट लोड (एकाच ट्रकात अनेकांचं सामान) असेल तर मध्ये गोदामातला मुक्कामही धरा. कंटेनरला ‘टेम्परेचर कंट्रोल्ड’ म्हणाले, तर किती अंश आणि नोंद कोण ठेवतं, हे लेखी मागा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

शक्य असेल तर वाइन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हलवा. मे टळत नसेल तर बाटल्या 13-15 अंशांपर्यंत गार करून थर्माकोलच्या खोक्यात भरा, पहाटे चारला निघा आणि एसी चालू असलेल्या गाडीत मागच्या सीटवर किंवा पायाशी ठेवा. डिकीत एसी पोचत नाही. जेवायला थांबलात तर गाडीत एक जण बसू दे, एसी बंद करू नका. पोचल्यावर प्रत्येक बाटलीचं तोंड बघा: बूच कडेच्या वर आलंय का, कॅप्सूल, म्हणजे तोंडावरचं वेष्टन, चिकट झालीय का. अशा बाटल्या वेगळ्या काढून लवकर संपवा. महागड्या बाटल्या असतील तर निघण्याआधी साठवणुकीच्या जाणकाराला यादी दाखवा. आणि परवान्याचं काम आधी. पुढचं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

आम्ही वडोदऱ्याला कायमचे जातोय. थोड्याच बाटल्या आहेत, चालतील ना? (वैशाली नगर)

नाही. गुजरातेत राज्य झाल्यापासून, 1960 पासून, दारूबंदी आहे. पितोलची राज्यसीमा ओलांडून दाहोदच्या बाजूला बिनपरवान्याची एक बाटली निघाली तरी गुन्हा. महाराष्ट्रातही परराज्यातली दारू परवान्याशिवाय नेता येत नाही. मध्य प्रदेशात 2022-23 च्या धोरणाने घरी ठेवायची मर्यादा वाढवली, होम बार परवानाही आणला, पण तो इथल्यापुरता. धोरण दर वर्षी 1 एप्रिलला बदलतं, म्हणून शेजाऱ्याला नव्हे, जिल्हा आबकारी कार्यालयाला विचारा. जिथे जाताय तिथलंही.

ट्रान्स्पोर्टवाला म्हणतो, पावतीवर ‘किचनचं सामान’ लिहू, विमा आहेच. (निपानिया)

खोटी पावती म्हणजे दावा फेटाळायला आयतं कारण, आणि तपासणीत अडकणार तुम्ही. पॉलिसीत दारू वगळली आहे का आणि उष्णतेनं झालेलं नुकसान धरलंय का, हे विमा कंपनीकडूनच लेखी घ्या. वाहतूकदाराच्या तोंडी शब्दाला किंमत नाही.

सासऱ्यांची तीस वर्षांची पोर्ट (गोड, कडक वाइन) आहे. (नारायण बाग)

बूच ठिसूळ झालं असणार. निघण्याआधी आठवडाभर उभी ठेवा, उभीच हातात न्या, पोचल्यावर गाळ बसायला तीन-चार आठवडे द्या. विकायचा विचार असेल तर हलवण्याआधी जाणकाराला दाखवा आणि बाटलीतल्या पातळीचा फोटो काढून ठेवा.

वाइनचा छोटा फ्रिज आडवा नेला तर?

नेऊ नका. नेलाच असेल तर 24 तास उभा ठेवून मगच चालू करा, आणि आधी कंपनीच्या मेकॅनिकला फोन करा.