आधी प्रश्न लहान करा, मग अनुदान मागा

वैद्यकीय संशोधनासाठी पैसा, प्रशिक्षण आणि सहकारी कुठे मिळतील, असे विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतल्या सहा पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थी संशोधन योजनेसाठी ‘ग्रामीण महिलांमधील अॅनिमिया : कारणे, परिणाम व उपाय’ हा विषय सरांनी सुचवला आहे. दोन महिन्यांत होईल का? (विद्यार्थिनी, लातूर)

या नावाने होणार नाही. यात तीन वेगळे अभ्यास आहेत आणि तुमच्या हातात दोन महिने. एसटीएस ही योजना १९७९ पासून चालू आहे, ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे (इंटर्नना अर्ज करता येत नाही). विद्यावेतन एकूण ५०,००० रुपये. पण ते अहवाल मंजूर झाल्यावर मिळते, आधी नाही. म्हणून महागडी किट लागणारा विषय घेतलात तर तो खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

विषय असा आवळून पाहा : ‘आमच्या रुग्णालयात पहिल्यांदा नाव नोंदवायला आलेल्या गर्भवतींमध्ये अॅनिमियाचे प्रमाण.’ आता नमुना किती लागेल ते काढू. प्रमाण नक्की माहीत नसेल तर ५० टक्के धरतात, कारण त्याला सर्वांत मोठा नमुना लागतो. चूक ५ टक्क्यांच्या आत हवी असेल तर ३८५ स्त्रिया लागतात आणि दोन महिन्यांत त्या गाठताना दमछाक होते. चूक ७ टक्के चालवून घेतली की १९६ पुरतात. दहा टक्के स्त्रिया नकार देतील किंवा रिपोर्टविना जातील असे धरले तर २१८ जणींना विचारावे लागेल. टेबल आणि लिखाणासाठी शेवटचे दहा दिवस राखून ठेवले तरी ओपीडीचे सुमारे ४० दिवस उरतात, म्हणजे रोज सहाच्या आत. हे जमण्यासारखे आहे. ७ टक्के का घेतले, हे सिनॉप्सिसमध्ये (अर्जासोबतच्या संशोधन आराखड्यात) एका ओळीत लिहा. परीक्षकाला लपवाछपवी खटकते, मर्यादा मान्य केलेली खटकत नाही.

दोन खड्डे मात्र चुकवा. हिमोग्लोबिन सर्वांचे एकाच पद्धतीने मोजलेले हवे. काही जणींचे साहलीच्या नळीवर आणि काहींचे ऑटोअॅनालायझरवर असले, तर ते आकडे एकत्र मिसळता येत नाहीत. दुसरे म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शनात पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी ११ ग्रॅम आणि दुसऱ्या तिमाहीसाठी १०.५ ग्रॅम ही सीमा आहे. त्यामुळे फॉर्मवर गर्भाचे आठवडे लिहायलाच हवेत. ते राहून गेले तर नंतर केसपेपर शोधत रेकॉर्ड रूममध्ये बसावे लागते.

सिनॉप्सिसच्या मजकुरात तुमचे, गाइडचे किंवा कॉलेजचे नाव कुठेही येऊ देऊ नका. ‘आमच्या लातूरच्या रुग्णालयात’ एवढ्या शब्दांनीही अर्ज बाद होऊ शकतो. आणि एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) अर्ज निकालाची वाट न पाहता आधीच टाका. कमिटीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदाच होते अशी कॉलेजे पुष्कळ आहेत.

प्रश्न : बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी असे काही आहे का? (विद्यार्थी, सांगली)

आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची ‘स्पार्क’ योजना साधारण एसटीएसच्याच धर्तीवर आहे. दोन महिने, दरमहा २५,००० रुपये. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छोट्या संशोधन अनुदानांची परिपत्रकेही बघत राहा. ती कॉलेजच्या कार्यालयात येतात आणि बरेचदा तिथेच राहतात. महिन्यातून एकदा जाऊन विचारा.

प्रश्न : मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांवरचा माझा प्रस्ताव आयसीएमआरच्या स्मॉल ग्रँटमधून दुसऱ्यांदा परत आला. शेरा एवढाच : ‘नावीन्य नाही, पद्धत अस्पष्ट.’ काय चुकत असावे? (सहायक प्राध्यापक, शल्यचिकित्सा, विदर्भ)

प्रस्तावाची उद्दिष्टे तुम्ही पत्रात दिली आहेत : जखमांचे प्रमाण, जोखमीचे घटक, जंतूंचे प्रकार, उपचारांचे परिणाम आणि जीवनमान. दोष इथेच आहे. पाच उद्दिष्टांना पाच वेगळे नमुने लागतात आणि तुम्ही सर्वांसाठी एकच आकडा दिला आहे, २००. ‘पद्धत अस्पष्ट’ म्हणजे हेच.

यातला एकच धागा धरा. जखम भरून आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा जखम होते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. मग प्रश्न असा करता येतो : ‘जखम भरल्यावर प्रशिक्षित परिचारिकेने दरमहा पाय तपासले, तर १२ महिन्यांत पुन्हा जखम होण्याचे प्रमाण नेहमीच्या देखभालीपेक्षा कमी होते का?’ हे ४० वरून २५ टक्क्यांवर यावे अशी अपेक्षा ठेवली, ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरला, तर प्रत्येक गटात १४९ रुग्ण लागतात. वर्षभरात पाचातला एक गळेल असे धरा. मग प्रत्येक गटात १८७, दोन्ही मिळून ३७४.

आता आपल्या वॉर्डाचे रजिस्टर उघडा. महिन्याला असे आठ रुग्ण मिळत असतील, तर ३७४ व्हायला जवळजवळ ४७ महिने लागतील, आणि पाठपुराव्याचे वर्ष त्यापुढचे. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे बसत नाही. तेव्हा आणखी दोन कॉलेजे जोडून घ्यायलाच हवीत. सहकार्य म्हणतात ते असे गरजेपोटी आले की परीक्षकाला पटते. नुसती शोभेची नावे प्रस्तावात आहेत हे त्याच्या लगेच ध्यानात येते. जोडलेल्या प्रत्येक केंद्राच्या मागच्या १२ महिन्यांच्या रजिस्टरमधला खरा आकडा प्रस्तावात द्या. जैवसांख्यिकी जाणणारा एक जण पहिल्या दिवसापासून सहसंशोधक म्हणून घ्या. प्रस्ताव पूर्ण लिहून झाल्यावर ‘जरा नमुना काढून द्या’ म्हणत त्याच्याकडे गेलात तर उशीर झालेला असतो.

बजेटकडे वळू. स्मॉल ग्रँटची मर्यादा एकूण २ कोटी रुपये आहे, त्यावरची २ ते ८ कोटींची इंटरमीजिएट ग्रँट वेगळी. मर्यादा २ कोटींची आहे म्हणून २ कोटी मागू नका. तुमच्या अभ्यासाचा मुख्य खर्च माणसांवर आहे. प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ या पदाचे मानधन २८,००० रुपये आणि त्यावर घरभाडे भत्ता. अशा दोन परिचारिका ३६ महिन्यांसाठी घेतल्या तर भत्त्याविना २०,१६,००० रुपये होतात. प्रवास, पाय तपासण्याचे मोनोफिलामेंट, छपाई आणि विदा (डेटा) भरण्याचे काम धरले तरी ६० लाखांच्या आत काम होऊ शकते. पहिल्या प्रस्तावात तुम्ही ३८ लाखांचे डॉप्लर यंत्र मागितले होते. विभागाची साधनसामग्री अनुदानातून भरून काढण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण यंत्र प्रश्नाला आवश्यक नसेल तर तेवढ्यावरून प्रस्ताव खाली जातो. सरकारी कॉलेजांपैकी अनेक ठिकाणी आरोग्य संशोधन विभागाने मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट उभारले आहे. तुमच्याकडे असेल तर आधी तिथली यंत्रे पाहून या.

हा हस्तक्षेपाचा अभ्यास आहे, म्हणून सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण शंका विचारणारे दोन-तीन मेल येतात, त्यासाठी वेळ ठेवा. नोंदणी नसेल तर चांगली नियतकालिके पेपर उघडूनही पाहत नाहीत.

मंजुरीनंतर गाडी अडते ती हिशेबात. पहिला हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत आला आणि ३१ मार्चपर्यंत काहीच खर्च झाला नाही, असे सर्रास घडते. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी लेखी मागा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, खर्चपत्रकासह द्यायचे असते आणि खात्यावरचे व्याजही त्यात दाखवायचे असते, ते आपले नसते. ते वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता येत नाही, मग परिचारिकांचे पगार थकतात, त्या सोडून जातात आणि पाठपुरावा तुटतो. कॉलेजच्या अकाउंट्स विभागातल्या माणसाला प्रस्ताव पाठवण्याआधीच भेटा.

प्रश्न : आमची संस्था नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणावर काम करते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला आमच्यासोबत अभ्यास करायचा आहे. रक्ताचे नमुने तिकडे तपासायचे आणि पैसेही तेच देणार. आम्ही काय तयारी करावी? (विश्वस्त)

तुम्हाला तीन दारे पार करायची आहेत आणि त्यांना क्रम आहे.

पहिले दार एथिक्स कमिटीचे. स्वतःची नसेल तर आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेल्या दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करता येतो. कमिटीत किमान सात सदस्य आणि त्यांतले निम्मे तरी बाहेरचे हवेत. विद्यापीठाच्या कमिटीची मंजुरी आहे म्हणून इथली नको, असे तिकडचे लोक कधी कधी गृहीत धरतात. तसे नाही, दोन्ही लागतात. संमतिपत्रक मराठीत असून भागणार नाही, तुमच्या गावांत भिली आणि पावरी बोलणाऱ्या आया आहेत. रक्त परदेशी जाणार आहे, ते किती वर्षे ठेवणार आणि उरलेल्याचे काय होणार, हे प्रत्येक आईला तिच्या भाषेत कळले पाहिजे.

दुसरे दार आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचे, म्हणजे एचएमएससीचे. परदेशी सहकार्य किंवा परदेशी पैसा असलेल्या आरोग्य संशोधनाला तिची मंजुरी लागते. काम आयसीएमआर पाहते आणि अर्ज भारतातल्या प्रमुख संशोधकानेच करायचा असतो. सोबत एथिक्स मंजुरी, दोन्ही बाजूंचे बजेट, करार आणि नमुने जाणार असतील तर मटेरियल ट्रान्सफर अॅग्रीमेंट (नमुने देण्याघेण्याचा करार). इथे एक प्रश्न हमखास येतो : ही तपासणी भारतात का होत नाही? ती पुण्यात किंवा मुंबईत होत असेल तर नमुने बाहेर नेण्याचे कारण उरत नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. तिकडच्या प्रयोगशाळेपेक्षा इथल्या प्रयोगशाळेचे हात तयार व्हावेत. मंजुरीआधी एकही नमुना घेऊ नका.

तिसरे दार परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, म्हणजे एफसीआरएचे. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. तेवढे नसेल तर विशिष्ट देणगीदार आणि विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘आम्ही घेतो आणि शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेला वाटा देतो’ हा बेत असेल तर तो आजच सोडा.

आणखी एक गोष्ट. पैसा मुळात अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा असेल, तर मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली आहे. तुमच्या वाट्याचे पैसे कोणत्या मार्गाने येणार, हे प्राध्यापकांच्या तोंडी भरवशावर न सोडता त्यांच्या ग्रँट कार्यालयाकडून लेखी घ्या. त्याच पत्रात विदेची प्रत भारतात राहील आणि लेखकांत तुमची माणसे असतील, हेही लिहून घ्या. हे मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. संशोधनाचे प्रशिक्षण नाही, रजा मिळत नाही, अनुदान तर दूरच. सुरुवात कुठून करू? (रत्नागिरी जिल्हा)

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. आठ आठवड्यांचा, शिकायला फुकट, शुल्क फक्त परीक्षा द्यायची असेल तर. रात्री एक तास दिला तरी होतो. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते यांनाही तो घेता येतो. त्यानंतर गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचे) प्रमाणपत्र करून ठेवा, एथिक्स कमिटी ते मागतेच.

अनुदान नसतानाही करण्यासारखे खूप आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे ‘लासी’ या ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीची विदा आहे, ती संशोधकांना मागणी केल्यावर मिळते. आणि तुमच्या केंद्राची स्वतःची रजिस्टरे आहेतच. सर्पदंश, विंचूदंश, लेप्टो... कोकणातल्या केंद्राइतकी ही माहिती कुणाकडे असेल? मात्र जुन्या नोंदी वापरायच्या असल्या तरी एथिक्स कमिटीचे पत्र आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. पालघरमध्ये डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात मॉडेल रुरल हेल्थ रिसर्च युनिट चालते. तिथल्या लोकांना विषय लिहून पाठवा, ग्रामीण केंद्रांसोबत काम करणे हाच त्यांचा उद्देश आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे बर्मिंगहॅमला क्षयरोगावर संशोधन करतो. पुण्यात परतायचे आहे, निदान तिथे काम सुरू करायचे आहे. कोणते मार्ग आहेत?

कायमचे परतणार असाल तर जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप, किंवा २००८ मध्ये सुरू झालेल्या, हैदराबादस्थित इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेची फेलोशिप. अलायन्सच्या काही फेलोशिप डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकांसाठी वेगळ्या असतात. वर्षातून महिना-दोन महिने यायचे असेल तर ‘वैभव’ फेलोशिप पाहा : दरमहा ४ लाख रुपये, तीन वर्षांपर्यंत. या सगळ्यांत भारतातली यजमान संस्था लागते. संस्थेच्या संचालकांचे पत्र मिळाले म्हणजे झाले असे समजू नका. खोली, प्रयोगशाळेतली जागा, पीएचडीचे विद्यार्थी घेण्याची परवानगी आणि फेलोशिप संपल्यावर काय, या चार गोष्टी त्या पत्रात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. क्षयाच्या कामाला जैवसुरक्षा पातळी ३ची प्रयोगशाळा लागणार असेल, तर ती चालू आहे की नुसती बांधून ठेवली आहे, हे पुढच्या सुट्टीत स्वतः जाऊन बघा आणि मागच्या सहा महिन्यांत तिथे किती कल्चर (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचण्या) लावले गेले ते विचारा.