नापिकीच्या वर्षात गावातलं मनाचं काम

प्रश्न : यंदा अतिवृष्टीनं आमच्याकडचं सोयाबीन उभ्या रानात सडलं. आमची छोटी संस्था आजवर पाणलोटाचं काम करते. आता मानसिक आरोग्याचंही करावं असं वाटतं. गावोगावी तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवावीत का? – कार्यकर्ते, लातूर जिल्हा

उत्तर : व्याख्यानांवर पैसे घालवू नका. ज्याला सगळ्यात जास्त गरज असते तो सभेला येत नाही, आला तरी चारचौघांत बोलत नाही. त्याच्या घरी जाणारं माणूस हवं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे कार्यकर्ते घरोघर गेले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर पोचलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ या गावपातळीवरच्या मानसिक आरोग्य उपक्रमाची रचना तुम्हाला झेपेल. तिथे गावातलेच स्वयंसेवक दोन प्रकारचे असतात. ‘मित्र’ फक्त अडचणीतली माणसं हेरून कळवतात. ‘चॅम्पियन’ त्यांना चार ते सहा वेळा भेटतात.

पहिल्या भेटीत थेट कागद काढू नका. झोप लागते का, जेवण जातं का, रानात जावंसं वाटतं का, इथून सुरुवात करा. मग नैराश्य किती आहे हे तपासणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली की भेटी सुरू करा, २० च्या पुढे गेली तर डॉक्टरकडे न्याच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी पुढचं बोलायचं. इथे हमखास गडबड होते ती घरच्यांसमोर विचारल्यामुळे. सुनेच्या वतीनं सासू उत्तरं देते आणि बेरीज तीन-चारच्या वर जात नाही.

प्रत्येक भेटीत एकच छोटं काम ठरवा, वेळेसकट. ‘मन रमवा’ असं सांगून काही होत नाही. ‘उद्या सकाळी सातला गोठा झाडायचा, मग चुलतभावाकडे चहाला जायचं’ असं ठरवावं लागतं. पुढच्या भेटीत आधी तेच विचारा. नाही जमलं तर दोष न देता काम आणखी लहान करा.

आणि अशा वर्षी निम्मा वेळ नुकसानभरपाईच्या कागदपत्रांना द्या. ई-पीक पाहणी झाली आहे का, पंचनाम्यात नाव आहे का, खातं आधारला जोडलंय का? ज्याला बँकेची नोटीस आली आहे त्याला नुसता श्वासाचा व्यायाम शिकवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. तलाठ्याकडे त्याच्यासोबत जाणं हाही समुपदेशनाचाच भाग आहे.

प्रश्न : आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, अशी भीती वाटते. – आशा कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

उत्तर : विचारल्यानं विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरळ विचारा : ‘जीव नकोसा होतो का? जीव द्यायचं मनात येतं का? कसं, कधी, ते ठरवलंय का?’ ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, विश्वासातल्या एका नातेवाइकाला बोलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ‘पोलिस केस होईल’ या धास्तीनं घरचे लपवतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात, आणि त्याबद्दल एरवी खटला चालत नाही.

फवारणीचं औषध घरातून बाहेर काढा. कुलपाची पेटी पुरेल असं समजू नका : श्रीलंकेत घरोघर पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, पण त्यानं विषप्राशनाचे प्रकार कमी झाल्याचं दिसलं नाही. तिथे फरक पडला तो अतिविषारी औषधांवर बंदी आल्यावर. म्हणून उरलेलं औषध घरात ठेवूच नये, आणि पुढच्या वेळी लागेल तेवढंच आणावं.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लोक आठ दिवसांत सोडतात. काय करावं? – वाचक, बीड

उत्तर : नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. हे आधी न सांगितल्यामुळे गोळ्या सुटतात. चौथ्या आणि दहाव्या दिवशी फोन करा. बरं वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. जिल्हा रुग्णालयात जायचं भाडं नाही म्हणूनही खंड पडतो. तेव्हा दोघा-तिघांची तारीख एकाच दिवशी मागून घ्या आणि एकच गाडी करा.